पेजेची होडी

मित्रांनो, नदीकाठच्या फणसाखाली जे काळपट धूड उपडे पडले आहे आणि ज्याच्या आडोशाला कोंबड्या अंडी घालतात, ती मी, एक जुनी होडी. माझा रंग कधीच उडाला. शिवणही जागोजागी उसवली आहे. पण एके काळी पुळक्कडव गावात माझी वाट पाहिली जात असे. लांबून माझे पुढचे टोक दिसले, की आजाऱ्याच्या उशाशी बसलेले कोणीतरी म्हणे, "आली बरं का पेजेची होडी!"

केरळातल्या पेरियार नदीचा एक फाटा आमच्या गावाच्या मधून वाहतो. गावातल्या यहुदी लोकांची घरे दोन्ही काठांना होती. प्रार्थनाघर या काठाला आणि वैद्य त्या काठाला. एका पावसाळ्यात नदी फुगली, भाड्याचे होडीवाले घरी बसले आणि मूप्पनांची सून बाळंतपणात अडली. सुईण पलीकडच्या काठावर उभी राहून हाका मारत राहिली आणि अलीकडे ती पोर गेली. मूप्पन म्हणजे एलियाहू, यहुदी जमातीतले सर्वांत वडीलधारे. शोकाचे दिवस सरल्यावर ते प्रार्थनाघरात उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "आपली एक होडी हवी. व्यापाराची नको. माणसांची."

मग मी जन्मले. पुरुषांनी रानफणसाच्या फळ्या आणल्या. बायकांनी आपापल्या पडवीत बसून काथ्या कुटला आणि दोऱ्या वळल्या. वेलू सुताराने एकही खिळा न ठोकता त्या दोऱ्यांनी मला शिवून काढले. शेवटी अंगभर माशाचे तेल चोपडले. पहिले काही दिवस मुले नाक दाबून माझ्यात बसत. माझ्यासाठी एकच नियम होता. जो अडलेला असेल त्याच्यासाठी होडी सोडायची, मागणारा कोण हे विचारायचे नाही.

पण मला वल्हवणार कोण? दिवसा पुरुष बाजारात असत. मूप्पनांनी विचारले तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, "वल्ही काय दाढीला बांधून मारतात? द्या इकडे."

ती सिम्हा. काटक बांध्याची, खणखणीत आवाजाची विधवा. लहानपणी देवी येऊन गेल्याने तिचा चेहरा वणांनी भरलेला होता. काही लोक कुजबुजले, बाईमाणसाने होडी चालवायची म्हणजे फारच झाले. सिम्हाने पदर खोचला आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमच्या घरी कोणी आजारी पडलं की सांगा हं. तुमच्यासाठी पुरुष शोधून ठेवते." मग तिने वल्ही उचलली.

सिम्हाच्या घरची चूल पहाटे पेटे. मातीच्या मडक्यात पेज शिजे, वर खोबऱ्याची चटणी, कधी भाजलेल्या माशाचा तुकडा. ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळले असेल, त्या घरी मडके पोचते करायचे. हळूहळू इतर बायकाही आपापला वाटा आणून माझ्यात ठेवू लागल्या. एकीची पेज, दुसरीचे शहाळे, तिसरीने धुऊन वाळवलेली चादर. माझ्या फळ्यांना मडक्यांची ऊब लागत असे, मित्रांनो. होडीला सहसा गार पाणीच ठाऊक असते. मला उबेची सवय लागली.

आता मला हस्केलबद्दल सांगायचे आहे.

हस्केल त्या काठाला राहायचा. त्याचा खोबरेल तेलाचा घाणा होता. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हते. स्वभावाने तिरसट. पण गळा असा, की तो गाऊ लागला की प्रार्थनाघराबाहेर चाललेली माणसेही थबकत. तोरा या धर्मग्रंथाच्या उत्सवात ग्रंथाची गुंडाळी मिरवत नेतात, तेव्हाचे पहिले गाणे दर वर्षी हस्केल म्हणायचा. तो त्याचा मान होता. एका वर्षी मूप्पनांनी तो मान एर्नाकुलमहून आलेल्या पाहुण्याला दिला. पाहुण्याचा आदर म्हणून दिला, मनात दुसरे काही नव्हते. पण हस्केलला विचारले मात्र नाही.

हस्केल तसाच उठला. "पाहुण्याचा गळा एवढा गोड लागतो, तर त्यालाच ठेवून घ्या," तो म्हणाला. "आजपासून मी तुमच्यातला नाही." आणि चपला हातात घेऊन निघून गेला.

ती अढी वर्षानुवर्षे टिकली. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. कधी नऊच जमले, की कोणीतरी घाटावर येऊन त्याला चेट्टा, म्हणजे दादा, अशी हाक मारायचे, "हस्केल चेट्टा, एक माणूस कमी पडतोय हो!" तो पलीकडून ओरडायचा, "नऊ जणांत एक पाहुणा धरा, म्हणजे दहा!" माणसे हसत परत जायची. नंतर हसणेही संपले आणि हाक मारणेही.

मग देवीची साथ आली. घरोघर कडुनिंबाचे डहाळे लागले. त्या काठाला हस्केलच्या शेजारी मोइदू आणि त्याची बायको बीपात्तू राहायची. एका सकाळी बीपात्तू घाटावर आली आणि सिम्हाला पाहून तिने हात हलवला. सिम्हाला सगळे चेची, म्हणजे ताई, म्हणत. "अगं सिम्हा चेची, त्या तेलवाल्याचा घाणा कालपासून बंद आहे. हाक मारली तर ओ देत नाही. आमच्या घरात लहान लेकरं आहेत, मी आत गेले नाही."

सिम्हाने विचारही केला नाही. हस्केलचे घर अगदी पाण्याला लागून होते, त्यामुळे पुढचे सारे मी स्वतः ऐकले.

"हस्केल, दार उघड."

"कोण?" आतून घोगरा आवाज आला.

"तुझी सासू. उघड."

"चालती हो, सिम्हा चेची. मला देवी आल्यात."

"मला कधीच येऊन गेल्यात. माझं तोंड एवढ्या वर्षांत बघितलं नाहीस वाटतं? पुन्हा येत नाहीत त्या."

"मला तुमचं काही नको. मी तुमच्यातला नाही, हे मागंच सांगितलंय."

"ते तू आम्हाला सांगितलंस," सिम्हा म्हणाली. "पेजेला कुठं सांगितलंस?"

आत खाट करकरली. मग कडी वाजली.

त्या दिवसापासून सिम्हा रोज जाऊ लागली. तिने त्याला केळीच्या पानांवर निजवले, अंगाला खोबरेल लावले, शहाळ्याचे पाणी चमच्याने पाजले. ज्या बायकांना देवी येऊन गेल्या नव्हत्या, त्या आत जाऊ शकत नव्हत्या. त्या अन्न शिजवून माझ्यात ठेवायच्या आणि लांब उभ्या राहायच्या. परत आल्यावर सिम्हा घाटावरच्या झोपडीत आंघोळ करून लुगडे उकळत्या पाण्यात टाकायची, मगच घरी जायची.

शनिवार आला. शनिवारी यहुदी लोक काम करत नाहीत, वाहन चालवत नाहीत. त्या दिवशी मलाही नारळाच्या खोडाला बांधून ठेवत. सिम्हा मडके घेऊन घाटावर आली, तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "आज शनिवार आहे, सिम्हा. आणि तो माणूस तर आपल्यात नाही म्हणतो."

मूप्पन तिथेच होते. ते खाली वाकून माझी दोरी सोडू लागले. गाठ सुटेना. शेवटी त्यांनी ती दातांनी सोडवली. मग त्या गृहस्थांकडे वळून म्हणाले, "माणूस मरायला टेकला असेल तर शनिवार बाजूला ठेवायचा, हा आपलाच नियम आहे. आणि तो आपल्यात नाही, हे ठरवणारा तो कोण?"

सिम्हा निघण्यापूर्वी मूप्पनांनी तिला एक काम सांगितले. ते तिने हस्केलच्या खाटेशी बसून पार पाडले.

"हस्केल, तुझ्या आईचं नाव काय रे?"

"कशाला हवंय?"

"आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची तर त्याच्या आईच्या नावानं करतात, विसरलास? सगळे तिथं थांबलेत. मूप्पनांना तुझ्या आईचं नाव ठाऊक नाही."

हस्केल भिंतीकडे तोंड करून पडला होता. "सगळे? माझ्यासाठी?"

"नाही, तुझ्या घाण्याच्या बैलासाठी. नाव सांग."

"रूमा," तो म्हणाला. आणि मग मला एक मोठा माणूस लहान मुलासारखा रडताना ऐकू आला. सिम्हाने त्याला रडू दिले. थट्टा केली नाही.

परतताना ती मला इतक्या जोरात वल्हवत होती, की पाणी आत उडत होते. काठाला लागण्याआधीच ती ओरडली, "रूमा! रूमाचा मुलगा हस्केल!" थोड्या वेळाने प्रार्थनाघरातून ते नाव सगळ्यांच्या तोंडून एकदम उमटले. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष त्या दिवशी जमले होते की नाही, मला माहीत नाही. आवाज मात्र मोठा होता.

हस्केल वाचला. एक डोळा गेला, पण जीव राहिला. अंगात ताकद आल्यावर तो एका संध्याकाळी माझ्यात बसून या काठाला आला. प्रार्थनाघराच्या दारात थांबला. कोणीही वळून पाहिले नाही, कोणी स्वागताचे भाषण केले नाही. फक्त मागच्या बाकावरचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "सरक की जरा, हस्केलला बसू दे."

त्यानंतर माझी काळजी हस्केलने घेतली. दर वर्षी तो माझी शिवण तपासायचा, सैल झालेली दोरी काढून नवी ओवायचा, तेल लावायचा. सिम्हा काठावर बसून सूचना करायची. "तिथं राहिलं बघ. एक डोळा आहे तो तरी नीट वापर." तो म्हणायचा, "चेची, तुमची जीभ एवढी चालते, वल्ह्याची गरजच नाही होडीला." आम्ही नवऱ्या मुली नेल्या, वैद्य आणले, ताप आलेली मुले नेली. मोइदूच्या धाकट्या मुलाला साप चावला तेव्हा त्यालाही नेले. तो मुलगा जगला. ती माझी चांगली वर्षे होती.

मग एक वारे आले. इस्राएल नावाचा यहुद्यांचा देश झाला आणि आमच्या लोकांना तिकडे जायची ओढ लागली. पिढ्यान्‌पिढ्या ते प्रार्थनेत ज्या भूमीचे नाव घेत आले होते, तिथे खरोखर जाता येणार होते. घरे विकली गेली, भांडी वाटली गेली. जाण्याआधी डॉक्टरांची तपासणी होती. आमच्या भागात हत्तीरोग असतो. तिकडच्या लोकांना त्याची धास्ती होती. सिम्हाचा डावा पाय बरेच दिवस सुजलेला होता. तिला परवानगी मिळाली नाही.

ती घाटावर येऊन माझ्या काठावर टेकली. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. तीच हसली. "एवढा जड पाय घेऊन गेले असते, तर विमान उडालं नसतं. बरंच झालं."

कोणाला हसू आले नाही. मूप्पन आता फार म्हातारे झाले होते. "तू सगळ्या गावाला पेज पाजलीस," ते म्हणाले, "आणि आम्ही तुला टाकून जायचं? मी जाणार नाही."

"आणि तुमच्या मुलानं घर विकलंय ते? झाडावर राहणार का दोघं?" सिम्हाने त्यांना दटावले. "जा. तिथं पोचलात की माझ्या वाटचं पाणी प्या."

तेव्हा हस्केल पुढे झाला. "मूप्पन, तुम्ही निर्धास्त जा. मी राहतोय. मलाही नाकारलंय, या डोळ्यापायी."

सिम्हाने त्याच्याकडे रोखून पाहिले. "हस्केल, खोटं बोलताना तुझा आवाज चढतो."

"चढत नाही."

"आता चढला."

तो खाली बघून पायाने वाळू उकरत राहिला. "चेची, तिथं गाणारे पुष्कळ असतील," तो म्हणाला. "इथं तुम्हाला शिव्या द्यायला कोणीतरी हवं ना?"

सिम्हाने तोंडाला पदर लावला. 

जाण्याच्या दिवशी मी सकाळपासून फेऱ्या मारल्या. मोठी बोट फाट्याच्या तोंडाशी उभी होती. शेवटच्या फेरीत मूप्पन ग्रंथाची गुंडाळी मुलासारखी छातीशी धरून बसले होते. बायका गात होत्या आणि गाता गाता हुंदके देत होत्या. सिम्हाने प्रत्येकाला वाटेसाठी तळलेल्या करंज्या बांधून दिल्या. परत येताना माझ्यात एकटा हस्केल होता. मी इतकी हलकी कधीच झाले नव्हते, आणि ते मला आवडले नाही.

आता पुळक्कडवमध्ये दोनच यहुदी उरले. सिम्हाचा पाय जड होत गेला, तिला चालवेना. मग पेज हस्केल शिजवू लागला. पहिल्या दिवशी त्याने ती करपवली. "साथीत वाचलास तो मला असं मारायलाच की काय?" सिम्हा म्हणाली, पण सगळी प्यायली. बीपात्तू रोज येऊन तिला आंघोळ घालायची. शुक्रवारी संध्याकाळी हस्केल रिकाम्या प्रार्थनाघरात दिवा लावायचा आणि दारे उघडी ठेवून गायचा, म्हणजे सिम्हाला पडवीत ऐकू जाईल. दहा माणसांची प्रार्थना आता होत नव्हती. पण दोघांचा शनिवार होत होता.

वर्षे गेली. सिम्हा अंथरुणाला खिळली. एके दिवशी ती म्हणाली, "हस्केल, एकच काळजी आहे रे. मी गेल्यावर मला आंघोळ घालायला आपल्या रीतीच्या बायका हव्यात. तू कुठून आणशील?"

"आणीन," हस्केल म्हणाला. "तुम्ही मरायची घाई करू नका, म्हणजे झालं."

तिने घाई केली नाही. पण एका पहाटे ती गेली. यहुद्यांच्या रीतीप्रमाणे प्रेत एकटे ठेवत नाहीत. हस्केल निघणार, तर जवळ कोण बसणार? बीपात्तू म्हणाली, "मी बसते. तुम्ही जा. माझ्या पोराला साप चावला तेव्हा कोण आलं होतं, मी विसरले नाही." ती पंखा घेऊन उशाशी बसली.

हस्केल आणि मोइदू मला घेऊन एर्नाकुलमला निघाले. मी म्हातारी झाले होते, मित्रांनो. माझी शिवण ठिकठिकाणी सैल झाली होती. वारा समोरून होता. एक जण वल्हवत होता आणि दुसरा करवंटीने पाणी उपसत होता. मला वाटले, मी इथेच बुडणार. मी माझ्या फळ्या जेवढ्या घट्ट धरता येतील तेवढ्या धरल्या. ज्या दोऱ्या बायकांनी पडवीत बसून वळल्या होत्या, त्यातल्या काही अजून माझ्या अंगात होत्या.

दुपारी आम्ही एर्नाकुलमला पोचलो. तिथे अजून काही यहुदी घरे होती. बाजाराची वेळ होती. हस्केल भिजलेल्या कपड्यांनी धक्क्यावर उभा राहिला. "पुळक्कडवची सिम्हा," एवढेच तो म्हणाला, "बायका हव्यात. आणि दहा पुरुष."

एका तरुण मुलीने विचारले, "कोण होती ती? कोणाच्या नात्यातली?"

तिच्या शेजारी सिप्पोरा नावाची म्हातारी होती. ती अर्धी चिरलेली भाजी टाकून उठली आणि म्हणाली, "तिथं गेल्यावर कळेल. पांढरं कापड घे आणि चल."

दुकाने बंद झाली. मोटारबोट ठरली. बायका आणि पुरुष मिळून ती भरून गेली. मला दोरीने मागे बांधले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी आधाराने घरी आले.

सिप्पोराने आणि इतर बायकांनी सिम्हाला न्हाऊ घातले, पांढरे कापड नेसवले. त्यांच्यापैकी एकीनेही तिला जिवंतपणी पाहिले नव्हते. तरी त्या तिच्याशी हळू बोलत होत्या, "जरा कूस वळवतो हं, चेची," असे. सूर्य मावळण्यापूर्वी दफन झाले. पुळक्कडवमध्ये कित्येक वर्षांनी दहा पुरुषांची प्रार्थना झाली. शोकाची प्रार्थना मुलाने म्हणायची असते. सिम्हाला मूल नव्हते. हस्केल पुढे झाला आणि त्याने ती म्हटली. गळा थकला होता, पण गावातली माणसे कुंपणापाशी थबकून ऐकत राहिली.

दफनानंतर शोक करणाऱ्याला शेजाऱ्यांनी जेवू घालायचे असते. सिप्पोराने उकडलेले अंडे आणि मसूर घातलेले ताट हस्केलपुढे ठेवले. तो मागे सरला. "हे तिच्या माणसांसाठी असतं. मी तिचा कोणी नाही."

म्हातारीने अंडे सोलून त्याच्या हातात दिले. "मग सकाळपासून रडतोयस कोणासाठी? खा."

त्याने खाल्ले.

एर्नाकुलमच्या लोकांनी त्याला एकटे सोडले नाही. ते त्याला आपल्याबरोबर घेऊन गेले. तिथल्या प्रार्थनाघरात तो शेवटपर्यंत गात होता, असे मोइदू सांगे. मला हस्केलने मोइदूच्या स्वाधीन केले. मोइदूने आणखी काही वर्षे माझ्यातून आजारी माणसे नेली. मग नदीवर पूल झाला आणि माझे काम संपले. आता सहलीला आलेली मुले प्रार्थनाघरातले दिवे पाहायला जातात. माझ्याकडे कोणी वळत नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही.

पूल झाला तेव्हा मला फार आनंद झाला होता. वाटले, आता पुराची भीती नाही, वल्ही नकोत, माणसे एकमेकांकडे किती सहज जातील! पुलावरून दिवसभर गाड्या धावतात. थांबणाऱ्या थोड्या. मित्रांनो, मला डागडुजी नको, नवा रंग नको. तुमच्या पायांखाली आता पक्का पूल आहे, तेवढा वापरा. पलीकडे कोणी आजारी आहे असे कळले, तर नाते विचारत बसू नका. जा. आणि जाताना हातात काहीतरी गरम असू द्या.